आबांच्या गाडीखालचा थेंब

किस्से मी गोळा करत नाही. ते माझ्याकडे आपसूक येतात आणि आले की जात नाहीत! रविवारी आबांच्या अंगणात जे घडलं ते सोमवारी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायचं, असा माझा बेत असायचा. पण तोंड उघडावं तर मागच्या रविवारचा किस्सा आठवायचा, मग त्याच्या मागचा, आणि तेवढ्यात घंटा व्हायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, सर तिखटमीठ लावतात. देवाशपथ सांगतो, मी काही लावत नाही. उलट थोडं कमी करूनच सांगतो, कारण पूर्ण सांगितलं तर माझी नोकरी जाईल असं मला वाटतं.

आधी माणसं सांगतो. आबा म्हणजे सिडकोतले माझे शेजारी. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, उंचेपुरे, मिशीवाले. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. ही गाडी इंजिन ऑइल गाळायची. रोज, न चुकता! आणि तिला गॅरेजमध्ये न्यायचं नाही, हा आबांचा हट्ट. "आपल्या घरचं दुखणं चव्हाट्यावर कामून न्यायचं?" असं ते म्हणायचे.

म्हणून दर रविवारी अंगणात ऑपरेशन. डॉक्टर चार. स्वतः आबा. शाळेपासूनचे त्यांचे दोस्त रफिकभाई, ज्यांचं सीटकव्हरचं दुकान होतं. बँकेतले कुलकर्णी, जे गाडीचं पुस्तक वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. आणि बजाजनगरहून स्कूटरवर येणारा भुजंग, वाळूजच्या एका कारखान्यात लाइनवर काम करणारा. मी पाचवा, पण डॉक्टर नव्हे. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. इतकी वर्षं मराठी शिकवून जेवढी बोलणी खाल्ली नाहीत, तेवढी मी ती बॅटरी धरून खाल्ली! "सर, बॅटरी इथं मारा, इथं! आभाळात कामून मारायलात?"

*

पहिला धक्का सुशीलावहिनींनी दिला.

वहिनी म्हणजे आबांच्या पत्नी. माहेर फर्दापूरचं, अजिंठ्याच्या पायथ्याचं. एकदा भाचीच्या लग्नाला निघाल्या. नवी पैठणी, केसात गजरा. गाडीत बसायला गेल्या आणि फरशीवर सांडलेल्या ऑइलवर पाय सरकला. पडल्या नाहीत, पण निऱ्यांवर तळहाताएवढा काळा डाग! मुहूर्त जवळ आलेला, साडी बदलायला वेळ नाही. तशाच गेल्या. मांडवात भावजय सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ताई, गॅरेजातून डायरेक्ट आल्या जणू!"

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही सगळे अंगणात. वहिनी बाहेर आल्या. आता आबांची काही खैर नाही, असं समजून मी बॅटरी बंद केली. पण वहिनींचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ही गाडी थेंब टाकायची थांबत नाय, तवर मी हिच्यात पाय ठेवणार नाय," त्या म्हणाल्या. "आन् दुसऱ्याकडून नीट करून आणली तरी बसणार नाय. तुमच्याच हातानं झाली पायजे. लई मेकॅनिक म्हणवता ना!"

आबा हसले. त्यांना वाटलं, दोन रविवारचं काम.

अहो, त्या भाचीचा मुलगा शाळेत जायला लागला, तरी गाडी गळतच होती!

*

पुढचा प्रसंग मी स्वतः पाहिला नसता, तर मीही विश्वास ठेवला नसता.

परीक्षेच्या ड्यूटीसाठी सिल्लोडला जायला मी फर्दापूरच्या बसमध्ये बसलो होतो. पुढच्या सीटवर वहिनी. माहेरी निघाल्या होत्या. म्हटलं, "एकट्याच? आबा नाहीत?"

"हायत की," वहिनी म्हणाल्या. "मागं बघा."

मी मागच्या काचेतून पाहिलं आणि आ वासला. बसच्या मागे आबांची पांढरी गाडी! आत एकटे आबा. बाकी गाडी रिकामी. बस थांबली की गाडी थांबायची, बस निघाली की गाडी निघायची. सिल्लोडला बस उभी राहिली तशी आबा गाडी लावून धावत आले आणि खिडकीतून वहिनींच्या हातात केळी आणि पाण्याची बाटली दिली.

मी खाली उतरून त्यांना गाठलं. "आबा, अहो हे काय चाललंय?"

"शपथ तिची हाय, माझी थोडीच हाय!" आबा म्हणाले. "मी माझ्या सासुरवाडीला माझ्या गाडीनंच जाणार."

मला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण तेवढ्यात बसचा कंडक्टर उतरला आणि आबांना दमात घेऊन म्हणाला, "काका, आज लई मागं पडलात. फुलंब्रीला तुमच्यासाठी थांबवली की ओ मी बस!"

*

कुलकर्णींनी एकदा पुस्तकात वाचलं की, गळती कुठून होते ते कळत नसेल तर इंजिन स्वच्छ पुसावं, त्यावर पांढरी पावडर भुरभुरावी आणि इंजिन चालू ठेवावं. जिथून तेल येईल तिथं पावडर ओली होते.

आम्हाला हे इतकं आवडलं की विचारू नका! रॉकेलनं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. पावडरचा डबा मात्र रिकामा निघाला. वहिनी देवळात गेलेल्या. आबा स्वयंपाकघरात शिरले आणि एक डबा घेऊन आले. "पावडर ती पावडर," असं म्हणत त्यांनी मुठी भरभरून इंजिनावर उधळली.

इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं वास यायला लागला. आधी छान वाटला, मग फारच छान वाटला. गरम इंजिन, त्यावर तेल आणि त्यात बेसन! धूर निघायला लागला तसे पलीकडच्या गच्चीवरून शेजारी डोकावले. "आबा, भजी चाललीत का? आम्हाला आवाजसुद्धा दिला नाही!"

रफिकभाईंनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मियाँ, अब इसमें कांदा डालो. नै तो जल जाता."

तेवढ्यात गेटमधून गल्लीतली सगळी कुत्री आत आली आणि गाडीखाली बसली. काठी दाखवली तरी हलेनात. वहिनी परत आल्या, तेव्हा आम्ही पाच मोठी माणसं बाहेर रस्त्यावर उभे होतो आणि अंगण कुत्र्यांच्या ताब्यात होतं. वहिनींनी नुसता तो डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

पण गळती सापडली बरं का! इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या कडेनं बेसनाची ओली रेघ उमटली होती. झाकणाखालचं पॅकिंग गेलंय, असं सर्वानुमते ठरलं.

*

पॅकिंग म्हणजे झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायची पट्टी. ती आणायला निघालो तर रविवार, दुकानं बंद. भुजंग म्हणाला, "जाड कागद द्या, मी कापून देतो. तेलात भिजवून लावलं का लई दिवस टिकतंय."

जाड कागद कुठून आणायचा? त्या दिवशी कुलकर्णी उशिरा आले होते आणि घाईत होते. मुलाचं लग्न ठरलेलं. ग्रामदैवताच्या देवळात जायला निघालेले, "पाचच मिनिटं" म्हणून वाटेत थांबले होते. त्यांच्या पिशवीत एक पत्रिका होती. काय कागद होता महाराज! हातकागद, पुठ्ठ्यासारखा जाड. आबांनी ती बोटांत धरून वाकवून पाहिली. "कुलकर्णी, असल्या किती छापल्यात?" "पुष्कळ आहेत," कुलकर्णी म्हणाले. त्यांचं लक्ष पुस्तकात होतं. भुजंगनं कात्री चालवली.

झाकण बसलं, बोल्ट आवळले, हात धुतले. मग कुलकर्णींनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पिशवीत नारळ होता, अक्षता होत्या, पत्रिका नव्हती! चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली, देवापुढं ठेवायची पहिली पत्रिका. ती आता इंजिनात होती.

देवाचं आमंत्रण आम्ही तेलात भिजवून आठ बोल्टांखाली दाबलं होतं! शेवटी कुलकर्णी घरी जाऊन आपल्या बाईंना, म्हणजे बायकोला, घेऊन आले. बाईंनी सगळं ऐकलं. मग आबांच्या गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

"काकू, हे काय?" मी घाबरत विचारलं.

"पहिलं आमंत्रण जिथं गेलं तिथं गेलं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही ही गाडी लग्नाला आणायचीच, आबा. मांडवाच्या दारात उभी राहिली पाहिजे."

गाडी लग्नाला गेली. हार घालून मांडवाच्या दारात उभी राहिली, आणि तिथंही गळली! वरात बाजूनं काढावी लागली. वहिनी लग्नाला रिक्षानं आल्या.

*

भुजंगचा किस्सा सांगायचा म्हणजे मला अजूनही घाम फुटतो.

भुजंग कारखान्यात दिवसभर बोल्ट आवळायचा. आवळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, म्हणून आबांनी नवं, दुकानातलं, अस्सल पॅकिंग आणलं तेव्हा झाकण बसवायचा मान त्याला दिला. भुजंगनं पाना लावला. एक वेढा, दोन वेढे. मी बॅटरी धरून उभा. आता झालं असेल म्हणून मी बॅटरी पुढच्या बोल्टकडे नेली.

"सर, हलू नका. आजून झालं नाय."

तो आवळतच राहिला. मानेच्या शिरा फुगल्या. पाय गाडीच्या बंपरला लावला. आबा कौतुकानं म्हणाले, "याला म्हणतात कंपनीचं काम!" भुजंगनं डोळे मिटले, कान बोल्टाजवळ नेला, आणखी जोर लावला.

टक्!

"झालं!" भुजंग प्रसन्न हसला आणि पाना बाजूला घेतला. पान्याबरोबर बोल्टाचं डोकंही बाहेर आलं.

"अरे बाबा," कुलकर्णी म्हणाले, "तू थांबला का नाहीस?"

भुजंग रडकुंडीला आला. "आमच्या लाइनीवरचा पाना येगळा असतोय ओ. बोल्ट पुरता बसला का पाना सोताहून टक् करतो. टक् झाल्याबिगर सोडायचं नाय, आशी ऑर्डर हाय! मी टक् व्हायची वाट बघायलो होतो."

तुटलेला बोल्ट आतच राहिला होता. तो उकरून काढण्यात आमचे पुढचे कित्येक रविवार गेले. वहिनी खिडकीतून विचारायच्या, "निघाला का?" आणि आबा उत्तर द्यायचे, "निघायलाय." दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मला त्या दोघांचंही वाईट वाटायचं. कारण आताशा वहिनींच्या आवाजात राग नसायचा. त्यांनाही त्या गाडीत बसायचं होतं, हे आम्हाला दिसायला लागलं होतं. शपथ मात्र शपथ होती.

*

एका वर्षी नवरात्रात आबांनी ठरवलं, दसऱ्याला वहिनींना गाडीत बसवायचंच. वरचं झाकण पुन्हा नीट केलं होतं, आता जुनं तेल काढून नवं भरायचं. चेंबर म्हणजे इंजिनाचं तळाचं भांडं. त्याच्या बुडाचा बोल्ट काढला, जुनं तेल घमेल्यात काढलं. तेवढ्यात अंधार पडला आणि काम थांबलं. दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा, हत्याराला हात लावायचा नाही! वहिनींनी सगळे पाने पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. तो बोल्टही पाटावरच होता.

दसऱ्याला सकाळी आम्ही आंघोळी करून हजर. पुस्तक हातात धरून कुलकर्णींनी विचारलं, "खालचा बोल्ट बसवला ना?"

"हो!" आबा, रफिकभाई आणि भुजंग एकदम म्हणाले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं बसवला असेल!

रफिकभाईंनी बिस्मिल्ला करून नव्या ऑइलचा डबा उपडा केला. मी खाली वाकून बॅटरी धरली होती. मला वरून ओतलेलं तेल खालून येताना दिसलं. सरळ, स्वच्छ, सोनेरी धार! माझी वाचाच बसली. मी नुसता हातवारे करत होतो.

"सर, बॅटरी हलवू नका," आबा ओरडले.

डबा संपला तेव्हा आबांच्या नव्या कोल्हापुरी चपला तेलात तरंगत होत्या. मग बोल्टाचा शोध सुरू झाला. वहिनी धावत आल्या. "फुलात एक जड काय तरी लागलं होतं खरं. मला काय ठावं? पूजेचं म्हणून मी निर्माल्याबरोबर जास्वंदीच्या बुडाला पुरलं!"

दसऱ्याच्या मुहूर्तावर चार माणसं खुरप्यांनी जास्वंदीचं बूड उकरत होती. त्याच वेळी शेजारचे आजोबा आपट्याची पानं घेऊन गेटात आले. त्यांनी हे दृश्य पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अरे, दसऱ्याला सोनं लुटायचं असतं. उकरायचं नसतं!"

बोल्ट सापडला. त्याला अजून कुंकू होतं. आबांनी ते पुसलं नाही. "ऱ्हाऊ द्या, पूजेचा हाय," म्हणाले. पण नवं तेल भरून गाडी चालू केली, आणि संध्याकाळी फरशीवर परत थेंब. आबा त्या थेंबापाशी उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही विनोद केला नाही.

*

आणि मग तो रविवार आला! त्याच्याइतका धक्का मला आयुष्यात कशानंही बसलेला नाही, म्हणजे शेवटचा एक सोडला तर.

रफिकभाई इंजिनावर वाकून काम करत होते. कंबर धरली म्हणून उठताना त्यांनी हाताला लागेल ते पकडलं. ती एक जुनी नळी होती, इंजिनातून निघून खाली जाणारी. ती त्यांच्या हातात निघून आली. "या अल्ला, ये क्या तोड दिया मैं!"

नळीतून भुरुभुरु माती पडली.

आबांनी ती आपटली. आणखी माती. मग एक अख्खं मातीचं बोळकं बाहेर आलं. कुंभारमाशीचं घर! गाडी आठवडाभर उभी असायची. माशीनं नळीच्या उघड्या तोंडातून आत जाऊन बांधकाम केलं होतं. एक घर नाही, घरामागं घर, अख्खी चाळ!

कुलकर्णी पुस्तकाची पानं उलटायला लागले. मग वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "इंजिनाला श्वास सोडायला ही नळी असते. ती बुजली तर आत हवा कोंडते. आणि मग ती हवा तेलाला ढकलत... जिथून फट मिळेल तिथून... बाहेर काढते."

"म्हणजे ते पॅकिंग?" आबांनी विचारलं.

"ठीक होतं."

"त्याच्या आधीचं?"

"तेही ठीक असणार."

"आन् पत्रिकेचं?"

कुलकर्णींनी पुस्तक मिटलं. भुजंग जमिनीवरच बसला. मी बॅटरी भर उन्हात चालू ठेवून उभा होतो, हे मला फार वेळानं कळलं. इतकी वर्षं! आम्ही इंजिन उघडत होतो, मिटत होतो, तोडत होतो, उकरत होतो आणि माशी आमच्या डोळ्यांदेखत घर बांधत होती!

आबांनी ते बोळकं तळहातावर घेतलं. मला वाटलं, आता ते फेकून देणार किंवा रागानं पायाखाली चिरडणार. त्यांनी ते कानाजवळ नेलं आणि हळूच विचारलं, "ती आत्ता आत नाय ना?"

*

नळी साफ करून बसवली. दुसऱ्या दिवशी थेंब नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आबा कोणालाच सांगेनात, दृष्ट लागेल म्हणून! शेवटी वहिनींनीच कपाटातून पांढरीशुभ्र चादर काढली आणि स्वतः गाडीखाली अंथरली. सकाळी आम्ही सगळे जमलो. वहिनींनी चादर ओढून काढली, झटकली, उजेडात धरली. एक डाग नाही!

वहिनी आत गेल्या आणि तीच पैठणी नेसून आल्या, डागाची. पुढच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "चला."

आबांना गाडी चालू करता येईना. किल्ली दोनदा उलटीच लावली. रफिकभाई डोळे पुसत होते आणि "धूल गई आँख में" म्हणत होते. भुजंग उघड उघड रडत होता.

फर्दापूरला भावजय अंगणात आली आणि आधी वाकून गाडीखाली पाहिलं म्हणे. मग सरळ होऊन म्हणाली, "या ताई." एवढंच. पण ते सांगताना वहिनींच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी कुठल्या नव्या नवरीच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

त्यानंतर वहिनी रिक्षा विसरल्याच. गुलमंडीला खरेदीला गाडी, देवळाला गाडी, भाजीलासुद्धा गाडी! खिडकीची काच खाली करून ऐटीत बसायच्या, ओळखीचं कुणी दिसलं की हात करायच्या.

*

आता शेवटचं. हे मी स्टाफरूममध्ये आजवर सांगितलेलं नाही.

गळती थांबली आणि रविवार बंद पडले. बंद पडणारच, येऊन करायचं काय? भुजंग ओव्हरटाइम करायला लागला. कुलकर्णी रविवारी झोपायला लागले. रफिकभाई एकदा येऊन गेले, पण गाडीचं बॉनेट न उघडता नुसतं बसून बोलायची आम्हाला सवय नव्हती. "और क्या?" "बस." असं तीन-चारदा झालं आणि ते उठले.

आबा मात्र घरातच. एक दिवस भाजीवाल्याच्या गाड्यापाशी वहिनी भेटल्या. त्या बोलायच्या थांबत नव्हत्या. "भाऊजी, रविवारी पहाटं उठतेत हे. ते तेलकट शर्ट घालतेत. मंग ध्यानात येतंय, तसंच काढून ठेवतेत. माझा मिक्सर खोलला, कुकर खोलला, आता खोलायला काय उरलं नाय. दिवसभर पायरीवर बसून ऱ्हातेत. आवाजच नाय ओ माणसाचा! ओरडायचे तवा मी कावायची. आता घर खायला उठतंय."

मी "होईल सवय," असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलून निघून गेल्या. मला त्यांची काळजी वाटली आणि आबांची त्याहून जास्त.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. दुपारी प्रसाद द्यायला मी आबांकडे गेलो. गेट उघडंच. खिडकीतून आबांचं घोरणं ऐकू येत होतं. अंगणात पांढरी गाडी, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

मला आनंद झाला. वाटलं, भुजंग आला! हाक मारणार तेवढ्यात नीट पाहिलं आणि प्रसादाची वाटी हातातून पडता पडता राहिली. पायात जोडवी होती.

खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. कर्र. मग थोडं थांबून आणखी एकदा, कर्र. मग फरशीवर काहीतरी पडलं.

टप्.

वहिनी सरपटत बाहेर आल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात पाना, नाकावर काळा ठिपका. मला पाहिलं. मग उठल्या, पाना जागच्या जागी ठेवला, साडी झटकली आणि आतलं घोरणं चालू आहे ना, तेवढं ऐकून घेतलं.

"बरं झालं भेटलात भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या किती जण येताल? पोहे त्या अंदाजानं आणते."